पेन्सिलीने लिहिलेली तीन पानं

आमची धाकटी नापास झाली त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला. धाकटी म्हणजे माझी नणंद. वय अठ्ठावीस, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. नापास झाली ती आणि भांडी आपटली मी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, परीक्षा तिची होती." मी म्हटलं, "हो, पण राग माझा आहे."

राग उगाच नव्हता. अकाउंटंटची ती परीक्षा पाच पेपरांची. चार पेपर धाकटीने नोकरी सांभाळून पहिल्या फटक्यात काढले. पाचवा, वार्षिक हिशेबांचा, तेवढा अडून बसला. पहिल्यांदा सहा गुणांनी गेला, आता तीन गुणांनी. आणि नियम असा की शेवटचा पेपर तीन वेळांत सुटला नाही तर आधीचे चारही बाद, पुन्हा श्रीगणेशा. म्हणजे हातात एकच संधी उरली होती, चार महिन्यांनंतरची.

निकाल ऐकून हे म्हणाले, "नोकरी सोड. चार महिने घरी बसून अभ्यास कर. मी आहे ना!"

माझे यजमान इलेक्ट्रिशियन आहेत आणि मनाने फार मोठे आहेत. ते 'मी आहे ना' म्हणतात तेव्हा मी कुठे असणार ते मला पक्कं ठाऊक असतं. मी मशीनवर असणार. मी घरी पडदे शिवते. धाकटी निम्मा पगार घरात देते, त्यात घरभाडं निघतं. तो बंद झाला तर ते भाडं कुणाच्या पडद्यांतून निघणार होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. पण तसं तोंडावर बोलायची सोय नव्हती. नणंद रडवेली बसलेली असताना वहिनीने पगाराचा विषय काढला असता तर मीच माझ्या नजरेतून उतरले असते. म्हणून मी परीक्षकांवर घसरले. "तीन गुण म्हणजे काय? डोळे मिटून तपासतात मेले! फी भर आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागव. बघू तर खरं."

यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. मला भांडायला मुद्दा हवा होता, इतकंच.

पंधरा दिवसांनी प्रत आली. पडदे कापायच्या माझ्या लांब टेबलावर आम्ही ती पसरली. सगळी पानं नीट होती. शेवटच्या मोठ्या प्रश्नाची तीन पानंही भरलेली होती, पण त्यांवर एकही गुण नव्हता. मी कंबर कसून भांडणार, तोच धाकटीने समासातली परीक्षकाची ओळ वाचली. 'आकडे पेन्सिलीत. तपासले नाहीत.'

खरंच, शब्द शाईने होते आणि आकडे सगळे पेन्सिलीने. "अगं, असं कसं लिहिलंस?" मी विचारलं.

ती आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "वहिनी, ऑफिसात असंच लिहितो आम्ही."

धाकटी नळ आणि पाइपांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहायची. तिथे सहा वर्षं झाली होती. मालकाचा कंप्यूटरवर भरवसा नव्हता, मोठ्या क्लार्कवर होता. मोठे क्लार्क म्हणजे साठीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांना माघारी सगळे खोडरबर म्हणतात, कारण ते शर्टाच्या खिशात कायम असतं. त्यांचा नियम एकच. वहीत आकडा आधी पेन्सिलीने लिहायचा. संध्याकाळी हे मोठे क्लार्क, म्हणजे तिचे साहेब, प्रत्येक आकडा पाहणार, चुकला असेल तर खोडणार, बरोबर असेल तर बारीक टिक करणार. टिक झाली की मगच त्यावर शाई फिरवायची. वही अशी दिसते की जणू त्या दुकानात आजवर कुणाची चूकच झाली नाही.

सहा वर्षांत धाकटीच्या हाताला हे इतकं भिनलं होतं की परीक्षेतही ती आकडे पेन्सिलीने लिहून मग गिरवत होती. पहिल्या प्रश्नांना गिरवायला वेळ मिळाला. शेवटच्याला घंटा झाली.

"निदान शेवटचे तरी आधी गिरवायचेस," मी म्हटलं.

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "पाच मिनिटं होती हातात. पण हात उचलेना. सारखं वाटत होतं, अजून टिक झालेली नाही."

टिक करायला तिथे कोण येणार होतं? हे ऐकून मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला त्या खोडरबराचा गळा धरावासा वाटला. आमच्या यांनी तर निकालच लावून टाकला. "बघ, नोकरीनेच घात केला. उद्याच राजीनामा दे." सासूबाईंनीही मान हलवली. मी पगाराचा विचार गिळला आणि म्हटलं, "सोड बाई. भाड्याचं बघू काहीतरी."

धाकटी म्हणाली, "आधी आठवडाभर रजा घेऊन बघते." तिचं असंच असतं. वजन केल्याशिवाय ती कांदेसुद्धा पिशवीत टाकत नाही.

तो आठवडा मी डोळ्यांनी पाहिला. घरी बसलेली मुलगी ही सगळ्यांचीच होते. सासूबाईंना औषधाच्या गोळ्या वाचून हव्या होत्या. शेजारणीचा गॅसवाला यायचा होता, तर किल्ली हिच्याकडे. यांचा दुपारी फोन, "तू घरीच आहेस ना, तेवढी बिलाची पावती शोध." आणि माझं काय सांगू! नऊ फुटी पडद्याचं दुसरं टोक धरायला मीच तिला दिवसातून चारदा उठवलं. पुस्तक सकाळी नवाला उघडायची, पण संध्याकाळपर्यंत मोजून दोन तासांचा अभ्यास. त्यातही ती पेन घेऊन बसायची आणि पहिला आकडा लिहायच्या आधी थांबायची. पेन कागदाच्या वर तसंच. मी मशीनवरून बघत असे. थोड्या वेळाने तिचा हात आपसूक पेन्सिलीकडे जायचा. मग ती स्वतःवरच चिडून पेन्सिल खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवायची.

शनिवारी तिने पुस्तक मिटलं. "वहिनी, मी नोकरी सोडत नाही."

मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. "आमच्यासाठी म्हणत असशील तर नको हं," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी नाही. मला गणित येतं. येत नाही ते एवढंच, की आकडा लिहायचा आणि तो माझा म्हणून सोडून द्यायचा. घरात बसून ते कसं येईल? इथे चुकलं तर कुणाचं काय बिघडतं? ती सवय तिथे लागली, तिथेच मोडायला हवी."

"आणि खोडरबर मोडू देईल?"

"बघू," ती म्हणाली. बेताचाच आवाज, पण मी तो आवाज ओळखते. तिने आठवीत असताना एकटीने सायकल शिकायचं ठरवलं होतं तेव्हा हाच आवाज होता, असं सासूबाई सांगतात. दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण कुणाला कॅरिअर धरू दिलं नाही.

सोमवारी मी त्या दुकानात होते. योगायोग नाही, मालकाच्या केबिनचे पडदे माझ्याकडे होते आणि लावायचा दिवस मीच मुद्दाम सोमवार ठरवला होता. केबिन आणि हिशेबाची खोली यांच्यात अर्धी काच. मी स्टुलावर उभी, तोंडात पडद्याचे सहा हुक. देवाची कृपा म्हणायची, नाहीतर मी मध्ये बोललेच असते.

धाकटी साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, आजपासून मी वहीत थेट शाईने लिहीन. आणि परीक्षेपर्यंत चारला निघेन. दोन तासांचा पगार कापा."

साहेबांनी चष्मा वर केला. "चारचं मालकांना विचार. शाईचं जमणार नाही."

"का?"

"चुकलं तर?"

"तर लाल रेघ मारून खाली बरोबर आकडा लिहीन आणि शेजारी सही करीन. चूक माझी, हे दिसू दे."

"बत्तीस वर्षांत या वहीत एक काट नाही," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "अभ्यासच करायचाय ना तुला? मग नोकरी सोड आणि कर. कुणी अडवलंय?"

"सोडणार नाही. नापास मी ज्या सवयीने झाले ती इथली आहे." मग तिने पिशवीतून ती प्रत काढली आणि शेवटची तीन पानं त्यांच्यासमोर ठेवली.

साहेबांनी समासातली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मला वाटलं, आता फटाका फुटणार. पण ते अगदी हळू म्हणाले, "तपासलंच नाही?"

"नाही."

"पेन्सिलीचं तपासत नाहीत, असं कुठे लिहिलेलं असतं?"

"उत्तरपत्रिकेच्या कव्हरच्या मागे. बारीक अक्षरात. मीही वाचलं नव्हतं."

त्यांनी तिन्ही पानं एकेक करून उलटून बघितली. माझ्या तोंडातले हुक लाळेने भिजले. शेवटी त्यांनी पानं नीट जुळवून तिला परत दिली. "लिही शाईने. पण चुकलीस तर मी सांगणार नाही. तुझं तू शोधायचं." ते चिडून म्हणाले की आणखी कशाने, ते तेव्हा मला कळलं नाही.

तिसऱ्याच दिवशी धाकटीने एका दुकानदाराचा माल दुसऱ्याच्या नावावर चढवला. साहेब शब्दाला जागले, बोलले नाहीत. तिचं तिला दोन दिवसांनी सापडलं. लाल रेघ, खाली आकडा, सही. घरी आली तेव्हा जेवायला बसेना. "सगळ्यांनी येऊन वही बघितली, वहिनी. जत्रा भरली होती." मी म्हटलं, "मग उद्या जाणार नाहीस?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने ताट वाढलं.

पहिल्या महिन्यात अकरा लाल रेघा झाल्या. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात एकच, आणि ती सांगताना ती हसत होती. दोन तासांचा पगार कापला गेला, तो मी सकाळी लवकर मशीनवर बसून भरून काढला. साडेचार ते सात मात्र मशीन बंद. गॅसवाल्याची किल्ली मी माझ्याकडे घेतली. यांना बजावलं की पावत्या शोधायच्या असतील तर स्वतः घरी या. पडद्याचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं. खुर्ची काही अभ्यास करत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी हे तिला आणायला गेले. मी दारातच उभी होते. "कसा गेला?"

"दुसऱ्या प्रश्नात चुकले," ती चपला काढत म्हणाली.

"मग?"

"मग रेघ मारली आणि पुढे गेले. पंधरा मिनिटं उरली शेवटी."

एकसष्ट गुण पडले. पास झाली. यांनी शेजाऱ्यांना सांगून सांगून घसा बसवून घेतला, सासूबाई रडल्या आणि मी या वेळी भांडी आनंदाने आपटली. दुसऱ्या दिवशी धाकटी निकालाचा कागद घेऊन कामावर गेली. परत आली ती तडक माझ्या खोलीत. टेबलावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. नापास झाली होती तेव्हाही इतकी रडली नव्हती.

मी घाबरलेच. "काय झालं? काढून टाकलं की काय?"

"साहेबांना कागद दाखवला," ती म्हणाली. "त्यांनी बघितला. मग म्हणाले, मीही बसलो होतो या परीक्षेला. तीनदा. तिन्ही वेळा शेवटचा पेपर गेला."

ज्या माणसाचा गळा धरायला मी निघाले होते, त्याचं हे.

"पेन्सिल?" मी विचारलं.

"हो, आकडे पेन्सिलीनेच लिहायचे. पण त्यांनी उत्तरपत्रिका कधी मागवलीच नाही, वहिनी. म्हणाले, वाटलं आपल्याला येतच नाही. तेव्हापासून दुसऱ्या कुणाची चूक वहीत राहू दिली नाही." तिने नाक पुसलं. "बत्तीस वर्षं हेच मनात धरून बसले, की येत नाही. आणि येतं त्यांना! माझी प्रत्येक चूक त्यांना त्या त्या दिवशीच दिसली होती, सगळ्या."

त्या संध्याकाळी मी मशीन सुरू केलं नाही. तिला चहा करून दिला. मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि कपाटातून मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून पिशवीत भरायला लागली.

"अगं, साठीला आलेत ते," मी म्हटलं.

"वयाची अट नाही. मी नियमावली वाचली, कव्हरच्या मागचं सगळं वाचलं." आणि सकाळी जाऊन तिने तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "वेडी आहेस का? उचल हे." तिने उचलला नाही. दिवसभर तो तिथेच पडून होता. संध्याकाळी सहाला ती निघाली तेव्हा ते त्यातली एक प्रश्नपत्रिका सोडवत होते, शाईने.