दांडी सरळ होईपर्यंत

"रवे संपले. गुऱ्हाळ परत पेटवा रं कुणीतरी."

हे वाक्य माइकवरून आले. देवळासमोरचे सारे पटांगण हसले. बोलणारे आमच्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष होते. गावात त्यांच्या घराण्याला सावकार म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच म्हणतो; नाव जिथे लिहायचे तिथे लिहिले आहे. आणि तराजूच्या पारड्यात, दोन्ही हातांनी साखळ्या धरून, मांडी घालून जी बसली होती ती माझी मुलगी. इयत्ता नववी.

तिचे नाव येथे लिहीत नाही. तिची तशी अट आहे.

नवस फेडण्याची आमच्याकडची रीत अशी. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, म्हणजेच रवे. दांडी सरळ झाली की देवाचे देणे फिटले. तो गूळ मग जत्रेत वाटतात. बहुतेक लोक लेकरू वर्षा-दोन वर्षांचे असतानाच हा विधी उरकतात. आमचा राहून गेला. आधी आज करू, उद्या करू असे झाले. मग साथीच्या रोगात जत्रा बंद. मग आई वारली आणि ते साल सुतकात गेले. देवाचे ठेवू नये म्हणून शेवटी यंदा केले. मुलगी मोठी झाली आहे याचा विचार आम्ही कोणी केला नाही. नवस तिच्या आजीचा होता, आणि तो फेडायचा होता, एवढेच डोक्यात होते.

मी अंदाजाने आणलेले रवे कमी पडले. तिचे पारडे जमिनीलाच टेकलेले. जत्रेतल्या गूळवाल्याकडून आणखी आणायला माझा मेहुणा पळाला. तोवर ती उठू लागली, तर पुजारी म्हणाले, "उतरू नको बाळ, अर्ध्यात उतरलं की नवस मोडतोय." ती बसली. सावकारांच्या हातात माइक होता, कारण वर्गणीदारांची नावे तेच पुकारत होते.

"घरातलं सगळं हिनंच खाल्लं काय रं रायटर? आईबाप बघा, वाळून गेल्यात."

पुन्हा हसू. सावकारांचा पुतण्या मोबाइल धरून तराजूभोवती फिरत होता. "काका, ट्रॅक्टर लावू काय उचलायला?" तो म्हणाला. हेही माइकमध्ये शिरले.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग मान खाली घातली, ती दांडी सरळ होईपर्यंत वर केली नाही.

मला कचेरीच्या आवारात सगळे रायटर म्हणतात. तेव्हा निपाणीत कचेरीसमोर, एका दुकानाच्या पडवीत माझे टेबल होते. माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही पुरे नाही. परंतु मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत अर्ज कसा मांडावा, हे आसपासच्या गावांत माझ्याइतके कोणाला कळत नाही, असे मी म्हणत नाही, कचेरीतले लोकच म्हणतात. वारसा, हद्द, पेन्शन, रेशन, वाट अडवल्याची तक्रार. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. शिकलेली मुलेसुद्धा मसुदा दाखवायला येतात. हे सांगण्याचे कारण असे की, ज्याच्या शब्दावर लोकांची कामे होतात तो मनुष्य त्या पटांगणात तोंडातून एक शब्द न काढता उभा होता.

आणि तो तराजू. त्याविषयी लिहिणे भाग आहे.

तो देवळाचा नाही. सावकारांच्या तंबाखूच्या वखारीतला आहे. जत्रेपुरता तो देवळासमोर टांगतात. मी लहान असताना माझी आई त्या वखारीत तंबाखू चाळायला जात असे. नाकातोंडावर पदर बांधून दिवसभर चाळण. एकदा मी भाकरी घेऊन गेलो, तेव्हा मुनीमाने तिला ह्याच तराजूच्या पारड्यात बसवले होते. दुसऱ्या पारड्यात तंबाखूचे पोते. पोते खाली गेले आणि आई वर लोंबकळत राहिली. आताच्या सावकारांचे वडील खुर्चीवर बसून हसत होते.

मुनीम म्हणाला, "बाई हाय का चिपाड?"

आई उतरली. लुगडे सारखे केले. चाळणीपाशी जाऊन बसली. मी नेलेली भाकरी तिने त्या दिवशी खाल्ली नाही. का, ते मी विचारले नाही.

पुढे माझी मुलगी जन्मली ती दिवस पुरे होण्याआधी. अंगावर मांस नाही, दूध ओढण्याचे बळ नाही. दवाखान्यातल्या बाई सांगत, वजन वाढले तरच आशा. आईने तिला पदरात घेतले आणि देवाला बोलली, "माझ्यागत चिपाड नको. लेकरू अंगानं भरू दे. गुळानं तोलीन." लेकरू भरले. घोटाघोटाने, घासाघासाने भरले. जी गोष्ट आम्ही हात जोडून मागितली होती, तिलाच पटांगण हसले. आई बारीक म्हणून हसले. नात जाड म्हणून हसले. दोन्ही वेळा तराजू त्यांचा, आणि हसण्याचा हक्कही त्यांचाच.

पुतण्याने तो व्हिडिओ गावच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. खाली गाणे जोडले होते. शाळेत मुली तिला "रवा" म्हणू लागल्या. मुलांचे विचारूच नका. ती घरी येऊन एवढेच म्हणायची, "मी जेवलो शाळेत." डबा मात्र भरलेला. जेवायला बसलीच तर ताट घेऊन मागच्या दारी, भिंतीकडे तोंड करून. तिची आई ताटाशी बसून बसून दमली. एका सकाळी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साऱ्या तालुक्याची गाऱ्हाणी लिवतासा," ती म्हणाली. "घरच्या पोरीचं कोण लिवायचं?"

मी म्हणालो, "हे कुठल्या हापिसात द्यायचं? ह्याला टेबल न्हाय."

"जिथं त्यांनी टाकलं, तितंच टाका की."

मग मी फेसबुकवर टाकण्यासाठी मसुदा केला. सवयीप्रमाणे अर्जाच्या रीतीने. विषय. अर्जदाराचे नाव. जिच्यावर अन्याय झाला तिचे नाव, वय, इयत्ता, आणि वस्तुस्थिती म्हणून तिचे वजनही. टाकण्याआधी मुलीला वाचून दाखवला. तिने भिंतीकडचे तोंड वळवले.

"माझं नाव काढा. वजन काढा."

"अगं, नावाशिवाय अर्ज होत न्हाय."

"नाव लागतंयच व्हय?"

"लागतंय."

"मग त्यांचं घाला."

आजवर मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जात ज्याला लागले, त्याचे नाव ठळक असे. मारणारा 'समोरील पक्ष', 'संबंधित इसम', 'काही व्यक्ती'. मलाही ते तसेच शिकवले होते. मी मसुदा फाडला. नवा लिहिला. सावकारांचे नाव, वडिलांचे नाव, पद, हातात माइक असल्याचा उल्लेख, आणि ते जे जे बोलले ते अवतरणात, एक अक्षर न बदलता. मुलीविषयी फक्त एवढेच, की ती अल्पवयीन आहे आणि नवस मोडू नये म्हणून तिला उतरता आले नाही.

लोकांनी वाचले. माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वाचले. वडगावातल्या एका विणकर बापाने लिहिले, की त्याच्या मुलाला कवायतीत शेवटी उभे करतात, ओळ बिघडते म्हणून. बोरगावच्या एका आईची मुलगी अगदी बारीक. पाहुणे घरात येऊन, चहा पिऊन, विचारतात की हिला खायला घालत नाही काय. बेळगावातल्या, मोठ्या बंगल्यातल्या एका बाईंनीही आपल्या मुलाचे लिहिले. कुणी कानडीत लिहिले. वाचून वाटले, घराघरात कोणीतरी लेकरू भिंतीकडे तोंड करून जेवते आहे.

बाकीच्यांनी उपदेश केला. पोरीला पळायला लावा. भात बंद करा. डॉक्टरला दाखवा. एवढे काय मनावर घेता, मोठी माणसे थट्टा करतातच. एकाने लिहिले, रायटरला फुडारी व्हायचंय.

मग आठवडा संपायच्या आत गावातल्या लोकांनी आपले शब्द काढून घ्यायला सुरुवात केली. पुतण्याने आपला व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला होता आणि आता तो एकेकाला फोन करत होता. ज्यांनी "बरोबर आहे" लिहिले होते, ते रस्त्यात भेटले की खाली बघून जात. त्यांचा मला राग नाही. त्यांची उसाची तोड सावकारांच्या शब्दावर येते, हे मला ठाऊक आहे. राग नाही. थकवा आहे. इतकी माणसे एकाच दुखण्याने रडली, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलचा उजेड गेला तसे ते रडणे गेले.

सावकारांनी मला वखारीत बोलावले. तराजू जत्रेहून परत येऊन आपल्या जागी टांगलेला होता. त्यांनी मला बसायला सांगितले. चहा मागवला.

"रायटर, मस्करी कळंना झाली व्हय तुला? पोरगी काय आम्हाला परकी हाय? आमची बी लेकच की."

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"ते काढून टाक. आणि तितंच चार वळी लिव. असं काय झालंच न्हाय, पोरीचा काय तरी गैरसमज झाला, म्हणून. तुला काय शिकवायचं, तुझा धंदाच हाय."

पुतण्याने कोरा कागद आणि पेन पुढे ठेवले. आधी कागदावर लिहायचे, सही करायची, मग त्याचा फोटो टाकायचा, असे त्यांनी ठरवले होते.

धंदा माझाच, हे खरे. असे माफीनामे मी कैक लिहिले आहेत. वाट अडवली ती सावकाराने, आणि माफी वाट मागणाऱ्याची. मार खाल्ला तो गड्याने, आणि "माझ्या हातून अनवधानाने" हेही गड्यानेच लिहून द्यायचे. ते समोर उकिडवे बसत आणि मी त्यांच्या वतीने 'मी' लिहीत असे. हात आपोआप चाले. त्या दिवशीही चालला. "मी, खाली सही करणार," इथपर्यंत लिहून झाले.

पुढचे वाक्य मुलीचे होते. मुलीचा गैरसमज झाला. म्हणजे ती त्या पारड्यात बसली नव्हती. कोणी हसले नव्हते. ती खोटे सांगते. हे तिच्या बापाच्या अक्षरात, बापाच्या सहीने, तिच्या वर्गातल्या प्रत्येक मोबाइलवर जाणार. मग ती मागच्या दारीसुद्धा जेवली नसती.

मी वर पाहिले. तराजूची पारडी रिकामी होती आणि दांडी सरळ होती. आईच्या वेळेस मी भाकरी हातात धरून उभा होतो, ते दारही समोरच होते.

मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. त्यांच्याकडे तेवढेही ठेवायचे नव्हते.

"लिवणार न्हाय," मी म्हणालो.

"काय?"

"घडलंय, सावकार. मी तितं हुतो. तुम्ही बी हुतासा."

पुतण्या उठला. सावकारांनी त्याला हाताने बसवले. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागत नाही.

"बरं. तुझं टेबल आमच्या दुकानाच्या पडवीत असतंय. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"मग उद्यापासनं कुठं मांडणार?"

"उन्हात."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून बाहेर पडलो.

आता माझे टेबल कचेरीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला आहे. छत्री बांधली आहे, ती दुपारी उपयोगी पडत नाही. वारा सुटला की कागदांवर दगड ठेवावा लागतो. गावातली माणसे अर्ज दुसरीकडे लिहून घेतात. लांबची येतात. जे माफीनामा लिहून मागतात त्यांना मी आधी विचारतो, मारले कोणी. उत्तर ऐकून बहुतेकांना मी परत पाठवतो, किंवा त्यांच्यापाशी बसून तक्रार लिहितो. ती द्यायची की नाही हे ते ठरवतात. काही देत नाहीत.

मुलगी अजून भिंतीकडे तोंड करूनच जेवते. गूळ खात नाही. मी तिला समजावत नाही. समजावण्यासारखे जे होते ते मी लिहिले आहे, आणि ते आहे तिथेच आहे. काढलेले नाही.

पुढच्या जत्रेत तो तराजू पुन्हा देवळासमोर टांगला जाईल. कोणाचे तरी लेकरू पारड्यात बसेल, बारीक असेल, जाड असेल, उतरायची त्याला मुभा नसेल. मी त्या दांडीजवळ उभा राहणार आहे. माइकवरून एक शब्द जरी त्या लेकराच्या अंगावर आला, तर मी तिथेच पुढे होऊन लेकराला उचलून खाली घेणार आहे. नवस मोडला तर मोडू दे. देवाचे मी बघून घेईन. आणि जो बोलला त्याचे नाव, वडिलांच्या नावासह, त्याच दिवशी लिहिणार आहे.