खुर्चीचं वाक्य
सुकटीचा वास आला की घणसोली गावातली ती गच्ची आठवते. सुकट वाळत असायची, शेजारी मुलांसाठी माझी इंग्रजीची शिकवणी. घरमालकीणबाईही मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकायच्या. एका दुपारी मी सांगितलं, ‘विअर्ड’ म्हणजे विचित्र. पण फार पूर्वी त्याचा संबंध नशिबाशी होता, जे टळत नाही त्याच्याशी. मग वाक्यं करायला लावली. मुलांनी एकमेकांच्या केसांना विअर्ड ठरवलं. बाई खुर्चीच्या हातावर हात फिरवत म्हणाल्या, “माय चेअर इज विअर्ड.” मी विचारलं, “कुठला अर्थ?” “जुना,” त्या हसल्या, “उद्या ही रिकामी हाय.” सकाळी त्या उठल्याच नाहीत. आता मी जुना अर्थ कुणाला सांगत नाही. परवा नव्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “टीचर, युअर चेअर इज विअर्ड.” मी अर्थ विचारला नाही.