शिलाई मशीनवरचा जपानी किल्ला

जुन्नरमध्ये राहून कुणी जपानी किल्ला करायला घेतला, तर लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग शिवनेरीकडे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मेव्हणा चाकणला एका जपानी कंपनीत लागला होता. त्याने तिथलं कॅलेंडर आणून दिलं. त्यात पाच मजली पांढरा किल्ला होता. मी मोजणी खात्यातला. चित्र आवडलं की पट्टी काढतो. किल्ल्याची उंची तीस मीटर धरली आणि शंभरास एक प्रमाण ठरवलं. म्हणजे तीस सेंटिमीटर.

घरात सपाट आणि उजेडाची जागा एकच होती, बायकोचं शिलाई मशीन.

भिंती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या केल्या. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा भिजवून वरचा कागद सोलला की आत कौलांसारख्या पन्हळी निघतात. त्यांची छपरं केली. छपराचा कोपरा वर वळलेला हवा, आणि तो सुकताना हमखास खाली बसे. गुढीपाडव्याला मी म्हणालो होतो, "दोन रविवारांत मशीन मोकळं करतो." दसरा आला तेव्हा चौथं छप्पर चाललं होतं आणि बायको ब्लाउज शिवायला शेजारी जाऊन बसत होती.

"अहो, दिवाळीआधी हे उचला. मी उचललं तर बंबात जाईल," ती म्हणाली. पाणी तापवायचा आमचा बंब रोज पेटायचा आणि त्याला पुठ्ठा वर्ज्य नव्हता.

किल्ला ठेवायला दुसरी जागा नव्हती. माळ्यावर धान्याच्या कोठ्या, शोकेसमध्ये तिचा काचेचा सरबत सेट. शेवटी मी तोडगा काढला. दिवाळीत अंगणात किल्ला करायचाच असतो, तर हाच मांडू. पाचवं छप्पर घाईने चढवलं, मातीचा डोंगर रचला. पायथ्याशी पांढरी बारीक खडी पसरून फणीने सरळ रेघा ओढल्या, कारण कॅलेंडरच्या दुसऱ्या पानावर देवळासमोर तसं अंगण होतं. शेजारचे निवृत्त कंडक्टर कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"वाफं बेस झाल्यात, भाऊ. कांदा लावनार का लसून?"

"जपानी बाग आहे ही. हिच्यात काही लावत नाहीत."

"मंग पानी न्हाई लागायचं, बरंय." थोडा वेळ बघून ते म्हणाले, "पन म्हाराज कुठं बसनार?"

"हा जपानातला किल्ला आहे हो."

"जुन्नरात बांधलाय ना, राव? मंग घेतला आसं समजायचं."

संध्याकाळी बघतो तो सगळ्यात वरच्या छपरावर सिंहासनासह महाराज बसलेले. बायकोने बाजारातून मातीची मूर्ती आणली होती, बारा सेंटिमीटरची. छप्पर जराही खचलं नव्हतं, याचा मला मनातून आनंद झाला. पण हिशेब सांगणं भाग होतं.

"अगं, या प्रमाणात महाराज चाळीस फूट उंच होतात."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.

डोंगरावर तिने मला न विचारता अळीवही पेरले होते. भाऊबीजेपर्यंत ते पाच सेंटिमीटर वाढले, म्हणजे पाच मीटरची झाडं. कॅलेंडरमधली झाडंही मला तेवढीच वाटत होती. हे मी तिला सांगितलं नाही.

भाऊबीज झाली की सुतळी बॉम्ब लावून किल्ले उडवायचे, ही आमच्या आळीची पद्धत. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी पेठला बहिणीकडे ओवाळून घेत होतो. जेवण अर्धं टाकून निघालो. एसटीतून उतरलो तर आळीतून धडाम आवाज येत होते. अंगणात पोचलो. नुसता फुटका डोंगर होता आणि अळीव चहूकडे उडालेले.

घरात आलो. शोकेसची मधली आडवी काच काढलेली होती आणि तिथे किल्ला उभा होता, महाराजांसकट. सरबत सेट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला होता. बायको मशीनवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

मी छपरांचे कोपरे तपासले. मग म्हणालो, "आता महाराजांना तेवढं खाली घेऊ का? प्रमाणात बसत नाहीत."

"त्यांना कशाला हलवता? किल्ला मोठा करा. मशीन सोडून कुठंही करा."

मी मनात भाग दिला. महाराजांच्या मापाने किल्ला सात फूट होत होता. आमचं दार साडेसहाचं.