कोंबड्यांच्या पाण्यातल्या गोळ्या

माझी आई मालवणकडची. सगळा संसार जोगेश्वरीच्या बैठ्या चाळीत झाला, तरी मागच्या दारी चार-पाच कोंबड्या असल्याशिवाय तिला घर घरासारखं वाटत नाही. बाजारातल्या अंड्याला ती अंडं म्हणायलाच तयार नसते.

तिची आणखी एक खोड होती. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं की ताप उतरेपर्यंत गोळ्या घ्यायच्या आणि उरलेल्या जपून ठेवायच्या. एखादी कोंबडी मान टाकून बसली की हिचा खलबत्ता निघालाच. गोळी कुटून सगळ्यांच्याच पाण्यात. मी ओरडायचे.

"इतक्या म्हागाचा औषध फुकट कशाक घालवूचा?" असं तिचं ठरलेलं उत्तर. आणि कोंबड्या खरोखरच टुणटुणीत व्हायच्या.

गेल्या वर्षी तिला लघवीचा त्रास सुरू झाला. थंडी वाजून ताप यायचा. नेहमीच्या गोळ्या झाल्या, भारीतल्या झाल्या, ताप काही हटेना. शेवटी अंधेरीला दाखल केलं. तिच्या लघवीतल्या जंतूंवर जवळजवळ कुठलंच औषध चालत नाही, असं तपासणीत निघालं. डॉक्टरीणबाईंनी घरात जनावरं आहेत का विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अर्धवट औषधानं लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात, त्या म्हणाल्या. मग कोंबडीच्या विष्ठेतून माणसाच्या हातावर, हातावरून पोटात. माणसाकडून कोंबडीकडेही जातात. इथे सुरुवात कुठून झाली, ते आता कळायचं नाही. एक इंजेक्शन शिल्लक आहे, ते देऊन बघू.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. आई नसलेलं घर डोळ्यांपुढे यायचं.

इंजेक्शन लागू पडलं. आई उठून बसली, पेज मागू लागली. मग मी तिला सगळं समजावलं, जरा फणकाऱ्यानंच. आता कोंबड्यांवरून भांडेल म्हणून मी तयारीत होते.

"शेजारची सून पोटुशी आसा गो," ती म्हणाली. "तिका रोज अंडा मीच देतंय."

"उकडून देतेस ना? मग काही नाही होत."

"उकडूनच देतंय. पण सोलून देतंय."

आणि तिनं दोन्ही हात चादरीखाली घेतले.