चटईवर वाचलेली गोष्ट

ऑकलंडला निघालो त्या दिवशी करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती. नवरा बॅगा डिकीत कोंबत होता आणि आई माझ्या हातात सुक्या जवळ्याची पुडी देत बजावत होती, "तिकडं आपली बोली बोलू नको गो. लोक हासतील." जवळा ऑकलंडच्या विमानतळावरच कचऱ्यात गेला. शब्द मात्र माझ्यासोबत आत शिरले.

उरणजवळच्या आमच्या गावात आईनं अर्धं आयुष्य मिठागरात काढलं. मी शिकले, वाशीच्या शाळेत शिक्षिका झाले आणि बोली उंबऱ्याबाहेर ठेवायला शिकले. नवरा बंदरातल्या क्रेनचा मेकॅनिक. त्याला ऑकलंडच्या बंदरात नोकरी लागली, म्हणून निघालो.

तिथल्या एका शाळेत शिकवू लागले आणि मला मालिया भेटली. सामोआ बेटांवरची बाई, आमची मुख्याध्यापिका. साठीकडे झुकलेली, पण हसली की दोन वर्ग पलीकडे ऐकू जायचं. नवव्या वर्षी मावशीचं बोट धरून ती ऑकलंडला आली. शाळेत सामोअन बोलली की तिला कोपऱ्यात उभं करत. फॅक्टरीत पॅकिंग करत तिनं कॉलेज पुरं केलं, शिक्षिका झाली, आणि वर्गातल्या सामोअन पोरांसाठी त्यांच्या भाषेत एकही गोष्टीचं पुस्तक नाही हे पाहून भडकली. मग स्वतःच लिहायला बसली. पहिलं पुस्तक शाळेच्या झेरॉक्सवर निघालं. आज तिची पुस्तकं तिच्या बेटावरच्या शाळांतही वाचतात.

तिची एक रीत होती. ज्यांची गोष्ट, त्यांच्यासमोर ती आधी वाचायची. चपला बाहेर काढून, चटईवर बसून. त्यांनी मान डोलावली तरच छपाई. एकदा तिच्या बेटावरच्या म्हाताऱ्यांनी अख्खी गोष्ट परत लिहायला लावली, कारण तिनं होडी चुकीच्या वाऱ्यात समुद्रात नेली होती. हे ती मोठ्या फुशारकीनं सांगायची. मला गंमत वाटायची, यात फुशारकी कसली?

एक दिवस तिनं विचारलं, तुझ्या आईच्या भाषेत पुस्तकं किती? मी मराठी पुस्तकांची नावं सांगू लागले. तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, शाळेच्या नाही, आईच्या. मला एकही आठवेना. त्याच आठवड्यात लिहायला घेतलं: मिठागरात वाढलेल्या एका पोरीची गोष्ट, आईच्या बोलीत.

या सुट्टीत ती गोष्ट घेऊन गावी आले. वाशीच्या एका चित्रकार मुलीनं चित्रं काढून दिली. छपाई ठरली होती, पण आई नको म्हणाली असती तर मी सगळं रद्द केलं असतं. तिनं लपवायला सांगितलेली बोलीच मी चव्हाट्यावर मांडत होते.

देवळाच्या ओट्यावर चटई टाकली. आई आणि तिच्यासोबत मीठ ओढलेल्या चौघीजणी समोर बसल्या. दोन पानं वाचून चित्र दाखवलं, तर सगळ्या पुढं वाकून बघू लागल्या. मग त्यांतली हिराकाकी म्हणाली, "तुजी आई आगरान चपला घालून जायाची काय गो?"

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर पुरेनात. आगराचा, म्हणजे मिठागराचा, तळ अनवाणी तुडवून घट्ट केलेला असतो. चपलेनं तो फुटतो, मीठ मातीत जातं. चित्रात पायांत चपला होत्या, आणि चित्र मी सांगितलं तसंच काढलेलं. त्या मिठावर मी वाढले आणि हेच विसरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईकडे बघितलं. वाचता न येणाऱ्या आईनं चित्रातल्या पायावर बोट ठेवलं.

"या चपला काढ. बाकी बराबर हाय. आता परत पयल्यापासून वाच."

मी वाचलं. तीनदा वाचायला लावलं बायांनी. मध्येच टोकत होत्या, भर घालत होत्या, आणि मी लिहून घेत होते. मालियाला फोन केला तर तिनं एवढंच विचारलं, त्यांनी चूक काढली ना? मग छाप.

परदेशी राहणाऱ्यांनो, तुमचं घर कुठलं असं कोणी विचारलं की तुमच्यासारखीच मीही अडखळायचे. आता नाही अडखळत. जिथली माणसं माझ्या गोष्टीतल्या चपला काढायला लावतात, ते माझं घर.

उद्या निघायचंय. आई पुन्हा जवळ्याची पुडी बांधतेय. विमानतळावर फेकतील गं, मी म्हणाले.

"फेकूदे," आई म्हणाली. "बोली तं नाय ना फेकीत? ती बोल तिकडं."