निळं कुंकू

कुंकवाची डबी दिसली की मला अजून हसू येतं. त्या संध्याकाळी राजाजीनगरच्या घरी मी आणि माझी बायको सुमन लेकीच्या कॉम्प्युटरसमोर कॉफी पीत बसलो होतो. चित्रं दाखवणारा प्रोग्राम लेक दुसऱ्या सिस्टिमवर नेत होती. आठवडाभर काहीतरी चुकत होतं आणि काम उद्याच द्यायचं होतं. चाचणीच्या नुसत्या रंगीत चौकोनांत चूक सापडेना, म्हणून वैतागून तिनं आईचाच फोटो लावला.

"अगं, माझं कुंकू निळं! निळी साडी लाल!" सुमन ओरडली.

"स्वल्प थांब, आई! लाल-निळ्याची अदलाबदल झालीय!" लेक नाचायलाच लागली.

"ह्यांच्यासारखीच चौथी नापास मी, पण कळलं!"

तिघंही पोट धरून हसलो.

त्याच रात्री सुमन झोपेतच गेली. सकाळी तिच्या कपाळाला कुंकू मीच लावलं. आधी डबी उघडून नीट बघितलं. लालच होतं.