पाव्हणा आत हाय

रोहिदास खोटारडा नव्हता. सँपल मी सुकवलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून आमच्या जुन्या लॅबच्या ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात पडतायत. 'लय भारी माणूस' म्हणे! अरे, मग त्याला 'जादूगार' कोण म्हणायचं?

मी म्हणायचे नाही. मी नुसती गप्प बसायचे. ते जास्त वाईट.

नाशिकच्या कॉलेजात आम्ही एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. तो सुरगाण्याकडचा, मला दोन वर्षं ज्युनियर. ताई म्हणायचा.

लोखंडाचे क्रिस्टल बनवायचा तो. बारीक, आतून जाळीसारखे पोकळ. त्या पोकळीत इथेनॉल शिरून बसायचं.

पुस्तकात त्याला गेस्ट मॉलिक्यूल म्हणतात. रोहिदास म्हणायचा पाव्हणा.

"ताई, घर तेच, भिंती त्याच. पाव्हणा आत असला की थंड करताना चुंबकपणा निम्म्यावर येतो. पाव्हणा उठून गेला की कितीबी थंड करा, लोखंड ढिम्म!"

ते रीडिंग पहिल्यांदा मिळालं तेव्हा पठ्ठ्याने अख्ख्या लॅबला मिसळ खाऊ घातली होती.

मग पक्क्या मोजणीसाठी सँपल बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवायचं ठरलं. नेमकी तेव्हाच घरी भाताची आवणी, म्हणजे लावणी, निघाली. माझ्या टेबलावर बाटली ठेवून तो गावी गेला.

इथेनॉलमध्ये बुडवलेले क्रिस्टल. वर चिठ्ठी : "पाव्हणा आत हाय."

मी हसले. म्हटलं, झाली याची थट्टा सुरू.

सोबतच्या फॉर्मवर प्रश्न होता, सँपल सुकवलंय का? आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, ओलं सँपल पाठवणं म्हणजे अडाणीपणा. आणि मी पडले नीटनेटकी बाई.

दिवसभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवलं. 'होय'वर टिक केली. कुरियर केलं.

ग्राफ आला तो सरळसोट रेघ. उतार नाहीच.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग आधीचं रीडिंग कुठून आणलंस, रोहिदास?"

"सर, पाव्हणा गेला असंल."

सगळे खो खो हसले. मला मात्र ओव्हन आठवला. चिठ्ठी आठवली.

तरी तोंड उघडलं नाही.

माझा थीसिस महिन्याभरात जमा व्हायचा होता. सरांची सही हवी होती. बस, एवढंच कारण. मोठं काही शोधत बसू नका.

सरांनी त्याला पुन्हा मोजू दिलं नाही, आणि लॅबमध्ये त्याचं नाव 'जादूगार' पडलं. सहा महिन्यांनी त्याने पीएच.डी. सोडली आणि पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं तपासायला लागला.

पुढे एकदा स्टँडवर भेटला. मी धीर करून म्हटलं, "रोहिदास, ते सँपल..."

"जाऊ द्या ना ताई. आपल्याला सगळं कोरडं करूनच द्यायला शिकवलंय. ज्यानं सुकवलं त्याची तरी काय चूक? चला, चहा घेऊ."

मी चहा प्यायले! लाज नाही वाटली मला.

त्याला ठाऊक होतं का? की उगाच बोलून गेला? मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी विचारू म्हटलं, तर बाईकच्या अपघाताची बातमीच आली.

सर, तुम्हाला टॅग केलंय. तो फॉर्म माझ्या अक्षरात आहे, काढून बघा. आणि 'जादूगार' म्हणणाऱ्यांनो, ती फुलं जरा थांबवा. आधी त्याच्या घरी फोन करा. त्याच्या बायकोला सांगा की तो खरं बोलत होता. मी आज सकाळी सांगितलं.

श्रद्धांजली वाहायचा मला हक्क नाही, रोहिदास. म्हणून एवढंच लिहिते.

तुझं रीडिंग खरं होतं.

पाव्हणा आत होता.

मी घालवला.